आईचं कार्ड खालून वाचायचं

आई मंगळवारी दुपारी गेली. धुळ्याला, दवाखान्यात. बाबा खाली चहा आणायला गेले होते, मी तिच्याजवळ होते. बाबा चहा घेऊन वर आले तेव्हा डॉक्टर खोलीत उभे होते. संध्याकाळी दादा सुरतेहून आला आणि मग आम्ही तिला घरी नेलं.

एवढं लिहायला मला बरेच दिवस लागले. जळगावच्या एका शाळेच्या ग्रंथालयात मी काम करते. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं हाताळत असते. स्वतः लिहायचं तर शेवट काय आहे हे कळल्याशिवाय मला पहिली ओळ सुचत नाही. आईचं नेमकं उलट होतं. शेवट कळला की लिहिण्यातला तिचा रस संपायचा. ती लिहायची ते शेवट कळेपर्यंतच्या वेळात.

तिचं सगळं लिहिणं पोस्टकार्डावर. आंतरदेशीय पत्र तिला चालत नसे, कारण ते चिकटवलं की बंद होतं. कार्ड उघडं राहतं. स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला एक चिमटा लावलेला असायचा आणि त्या चिमट्यात चालू कार्ड. येता-जाता, हात कोरडे असतील तर, ती त्यात एखादी ओळ घालायची. जी लेखणी हाताला लागेल ती. त्यामुळे तिच्या एका कार्डात निळी शाई असायची, काळी असायची, शिसपेन्सिल असायची, आणि एखाद्या ओळीवर हळदीचा अंगठा.

मी जळगावला वसतिगृहात राहून शिकत होते तेव्हाचं एक कार्ड मला जवळजवळ पाठ आहे. ते असं होतं :

‘चि. छायास अनेक आशीर्वाद. यांना कालपासून ताप आहे. डोळे लाल झाले आहेत. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात रक्त तपासा. मला लक्षण बरं दिसत नाही. रक्त घेतलं. हमीदाभाभींनी लिंबाचं सरबत पाठवलं ते यांनी ओकून टाकलं. आज घाम आला. भरीत मागितलं. अर्धी भाकरी खाल्ली. उद्या कामावर जातो म्हणतात. तू अभ्यास कर.’

दुसऱ्या कुणीही लिहिलं असतं की बाबांना मध्ये ताप येऊन गेला, आता बरे आहेत. एका ओळीत काम झालं असतं. पण आईने ताप लिहायला घेतला तेव्हा तो अंगात होता आणि लिहून होईपर्यंत तो गेला होता. आधी लिहिलेलं खोडायचं, किंवा वर ‘आता बरे आहेत’ असं टाकायचं, हे तिला सुचायचंच नाही. जे त्या वेळी खरं होतं ते तिने लिहिलं होतं. ते खोडायचं कशाला?

पहिलं वर्षभर तिचं कार्ड आलं की मी घाबरून जायचे. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागायचे आणि तिसऱ्या ओळीपर्यंत डोळ्यांसमोर नको ते दिसायला लागायचं. माझ्या खोलीत चोपड्याची कल्पना नावाची मुलगी होती, शेतकऱ्याची, भारी व्यवहारी. तिने एकदा माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, तळाशी नजर टाकली आणि परत दिलं. म्हणाली, “ठीक आहेत सगळे. तुझी आई वरून खाली लिहिते ना? मग तू खालून वर वाच.” तेव्हापासून आईचं कार्ड खालून वाचायचं, हा आमच्या घरातला कायदा झाला. दादालाही मी तो सुरतेला कळवला. तोही माझ्यासारखाच वरून वाचून घाबरत होता, फक्त मला सांगत नव्हता.

पण या कायद्यालाही एक भोक होतं. आई कार्ड पेटीत टाकायची ते गोष्ट संपली म्हणून नाही, तर कार्ड भरलं म्हणून.

एकदा तसंच झालं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कार्ड आलं, मी तळाशी पाहिलं. शेवटची ओळ कार्डाच्या कडेला चिकटून होती : ‘वर्कशॉपातून माणूस आला आहे, म्हणतो यांचा हात मशीनमध्ये’. पुढे कार्ड नव्हतं. मी उलटून पत्त्याची बाजू पाहिली. तिथे माझं नाव होतं आणि पिन कोड.

माझी परीक्षा चालू होती. दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी होती तेवढ्यात मी बस पकडली. एरंडोल गेलं, पारोळा आलं, गाडी थांबली, लोक उतरून चहा प्यायले. मी खिडकीशी बसून बाबांचा कोणता हात असेल याचा विचार करत होते. उजवा असेल तर नोकरीचं काय, डावा असेल तर निदान जेवता येईल. असले हिशोब मी करत होते आणि ते करते आहे याची लाजही वाटत होती.

घरी पोहोचले तर बाबा ओट्यावर बसून कळण्याची भाकरी खात होते. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हाताने घास. मला पाहून ते म्हणाले, “परीक्षा संपली?” आई आतून पदराला हात पुसत आली. मी कार्ड पुढे केलं. तिने ते घेतलं, वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं आणि म्हणाली, “बरोबर आहे की. पुढचं नाही मिळालं?”

पुढचं तिने त्याच दिवशी टाकलं होतं. मी जळगावला परतले तेव्हा ते माझ्या खाटेवर पडलं होतं. त्याची सुरुवात अशी होती : ‘सापडला होता पण बोटं शाबूत आहेत, सालटं गेलं. चि. छायास अनेक आशीर्वाद.’

ही तिची सवय कुठून आली ते मला बरंच पुढे कळलं. तिचं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. चौथीपर्यंत शाळा. पण वस्तीत लिहिता येणारी बाई तीच, म्हणजे बाई कसली, तेव्हा ती परकरात होती. गावातली निम्मी माणसं हंगामाला गुजरातेत ऊसतोडीला जायची. मागे राहिलेल्या बायका आईकडे कार्ड घेऊन यायच्या. टपाल टाकायचं ते साक्रीच्या बाजाराच्या दिवशी, तोवर कार्ड आमच्या आजोळच्या कोनाड्यात उघडं पडून असायचं. सोमवारी एक जण येऊन सांगायची, पोराला गोवर आला. आई लिहायची. बुधवारी ती पुन्हा यायची, अंगभर उठला म्हणायची. आई तेही लिहायची. बाजाराच्या आदल्या दिवशी पोरगं उठून कोंबडीमागे धावलेलं असलं तर तेही लिहायची. आणि उठलेलं नसलं तर कार्ड तसंच जायचं. कार्ड म्हणजे चालू आठवड्याची हवा, असं ती तिथे शिकली. लग्न होऊन धुळ्याला आली, टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी आली, तरी तिचं कार्ड कोनाड्यातलंच राहिलं.

तिच्या भाषेबद्दलही सांगायला हवं. शाळेत शिकलेली पुस्तकी मराठी ती नेटाने लिहायची. ‘आहे’, ‘नाही’, ‘कळावे’. पण घाबरली की तिची अहिराणी वर यायची. ओळीत मध्येच ‘आहे’च्या जागी ‘शे’ दिसला की समजावं, इथे ती भ्याली आहे.

आता कोपऱ्याची गोष्ट. ही आमच्या नात्यात अजून सांगतात. आईच्या दिवसांना जमलेल्या माणसांनीही सांगितली, आणि सांगता सांगता हसलेही.

नानामामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, माहेरच्या गावीच असायचा. त्याला आई नेमाने लिहायची. आम्ही शाळेत असताना एकदा तिने कार्डाची सुरुवातच केली होती वरच्या कोपऱ्यातून, की हमीदाभाभींचे मालक बेशुद्ध पडले आहेत, आता वाचत नाहीत. हमीदाभाभी आमच्या शेजारी. त्यांच्या मालकांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, दिवसभर कापूस पिंजून त्यांचा श्वास भरायचा. संध्याकाळपर्यंत ते उठून बसले आणि त्यांनी बिडी मागितली. इतर वेळी आईने ते तसंच राहू दिलं असतं. पण जिवंत माणूस ‘वाचत नाही’ असा कार्डावर माहेरी जावा हे तिला अशुभ वाटलं. म्हणून तिने तेवढा कोपरा फाडून चुलीत टाकला आणि उरलेलं कार्ड भरून पेटीत टाकलं.

त्या घाईत कोपरा फाडण्याचा अर्थ तिच्या ध्यानातच आला नाही. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते वाचायचंही नसतं धड. पाहायचं, फाडायचं आणि निघायचं. पोस्टमनने ते मामाच्या हातात खाली मान घालून दिलं. मामाने कोपरा पाहिला आणि कार्ड फाडलं. आत काय लिहिलंय ते कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. मामा, मामी, दोघी मावश्या, गावातल्या चार बायका. मामी जीपमधून उतरतानाच मोठ्याने रडायला लागली. आई पीठ मळत होती. रडणं ऐकून ती तशीच पिठाच्या हातांनी दारात आली, माहेरची माणसं छाती पिटत येताना पाहिली आणि तिला वाटलं, आपला बाप गेला. तिने तिथेच उंबऱ्यावर बसकण मारली आणि हंबरडा फोडला. मामी तिच्या गळ्यात पडली. मामीला वाटत होतं की आमचे बाबा गेले, आणि आईला वाटत होतं की आमचे आजोबा. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या. मला आणि दादाला काय करावं ते कळेना, म्हणून आम्हीही रडलो.

गल्ली गोळा झाली. हमीदाभाभी आल्या, त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि मामीला विचारलं, “कौन गया?” मामीने रडता रडता आईकडे बोट केलं. मग त्यांनी आईला विचारलं. आईने मामाकडे बोट केलं. एवढ्यात बाबा सायकल हातात धरून रात्रपाळीहून आले. मामीने त्यांना पाहिलं आणि ती रडायची थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

बाबांनी सायकल भिंतीला लावली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “चहा ठेवा.”

आजोबा शेतात होते. कोणीच गेलं नव्हतं. मामा चिडून म्हणाला, “तुना कोपरापायी मी जीप कशी लई उनू, माले ठाऊक.” तुझ्या कोपऱ्यापायी जीप कशी घेऊन आलो ते मलाच ठाऊक. आईने पिठाचे हात धुतले. मग म्हणाली की कार्ड वाचलं असतंत तर कळलं असतं, तळाला लिहिलं होतं की सगळे बरे आहेत. दुपारी सगळी मंडळी शेवभाजी-भाकरी जेवून गेली. हमीदाभाभींच्या मालकांना हे कळलं तेव्हा ते खोकेपर्यंत हसले. आईला ते पुढे नेहमी म्हणायचे, “अक्का, मेरा कोना जला के मेरेकू बचाया तुमने.”

आई मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिने कार्ड कधी फाडलं नाही. आणि मला वाटतं, लिहून पाठवलेल्या भीतीचं दुसऱ्या टोकाला काय होतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तिला मी एकदा विचारलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवर जुन्या साडीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातलेल्या, आणि आम्ही दोघी सावलीला राखण करत बसलेलो. मी म्हटलं, आई, थोडं थांबून का नाही लिहीत? ताप उतरला की लिही. माणूस घरी आला की लिही. ती बिबड्यांकडे बघत होती. म्हणाली, “आनि तवलोंग मी एकलीच धरी बसू का?” तोवर मी एकटीनेच ते धरून बसायचं का. मग थोड्या वेळाने म्हणाली की यांना सांगून काही होत नाही. हे म्हणतात, होईल ते होईल. ते यांच्यापुरतं ठीक आहे.

बाबा खरोखर तसेच. त्यांना ताप आला तरी तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ते अंगावर घेऊन पडायचे. घरातली सगळी काळजी आईच्या एकटीच्या वाट्याला आली होती आणि ती काळजी ती सुरतेला, जळगावला, साक्रीला थोडी थोडी पाठवून द्यायची. त्या दिवसानंतर कार्ड आल्यावर मला भीती वाटायची नाही असं नाही. पण तो माझा वाटा आहे असं मी समजायला लागले.

पोस्टकार्डांचे दिवस संपले आणि दादाने तिला मोबाइल घेऊन दिला. आम्हाला वाटलं, आता ती फोन करेल. ती फोन करायची, पण फोनवर ती ‘जेवलीस का’ आणि ‘गरम फार आहे’ याच्या पुढे जायची नाही. लिहायला तिला एकच बोट लागायचं आणि एकेक ओळ ती वेगळी पाठवायची. मी ग्रंथालयात पुस्तकं मांडत असायचे आणि टेबलावर फोन थरथरत असायचा.

‘बाबा दूध आणायला गेले.’

‘अजून आले नाहीत.’

‘एवढा वेळ लागत नाही.’

‘फोन घरीच ठेवून गेले.’

‘आग्रा रोडला गाड्या फार असतात.’

‘हमीदाभाभींना पाठवलं बघायला.’

‘त्या पण येत नाही शे.’

‘आले. दोघं. डेअरीत गप्पा मारत होते.’

‘दूध फाटलं.’

मुख्याध्यापक एकदा म्हणाले, मॅडम, काही सीरियस आहे का? मी म्हटलं, नाही सर, दूध आणायला गेलेत. आता खालून वर वाचायची सोय उरली नव्हती, कारण खालची ओळ अजून आलेलीच नसायची. मला तिच्याबरोबर तिच्या वेगाने चालावं लागायचं. दूध येईपर्यंत मीही खिडकीशी उभी असायचे, नव्वद किलोमीटरवर.

आणि मग गेल्या वर्षी, पितृपक्षाच्या सुमाराला, तिचं लिहिणं सुधारलं.

‘आज देवळात गेले होते. दर्शन छान झाले. येथील सर्व कुशल. काळजी नसावी.’

दुसऱ्या दिवशी : ‘आज आमटी-पोळी केली. बाबा पोटभर जेवले. येथील सर्व कुशल. काळजी नसावी.’

शुद्ध मराठी, पूर्ण वाक्यं, दिवसाला एक संदेश. मी तो पहिला संदेश दोनदा वाचला. तिने आयुष्यात कधी ‘काळजी नसावी’ लिहिलं नव्हतं. ती पाठवायची ती काळजीच असायची.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, सुधारली म्हण शेवटी. इतकी वर्षं जिवाला घोर लावला आपल्या. आता नीट लिहिते तर तुला तेही चालत नाही.” मी म्हटलं, दादा, ती आपल्यापासून काहीतरी धरून बसलीये. “तू बघून ये,” तो म्हणाला. त्यालाही ते कळलं असावं, पण सुरतेहून लगेच निघणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

शनिवारी न कळवता मी धुळ्याला गेले. आई ओट्यावर मेथी निवडत होती. “अशी कशी आली गं?” म्हणाली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या. मी तब्येतीचं विचारलं, तिने जळगावच्या उन्हाचं विचारलं. बाबा आतून म्हणाले की हल्ली ती जेवत नाही, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. पाणी भरायला म्हणून मी मागच्या दारी गेले तेव्हा हमीदाभाभींनी भिंतीवरून मला खुणावलं. त्या आता एकट्याच असतात. त्यांनीच आईला डॉक्टरकडे नेलं होतं. पोटातला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. “मेरेकू कसम डाली है अक्का ने,” त्या म्हणाल्या आणि कसम मोडल्याबद्दल स्वतःच्या दोन्ही गालांवर हळूच चापटी मारून घेतली.

मी आत येऊन आईसमोर बसले आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली. तिने माझ्याकडे पाहिलं. “भाभीनं सांगं?” मी मान हलवली.

“रिपोर्ट आला की लिहिणारच होते,” ती म्हणाली.

“तू? तू थांबणार होतीस?”

ती थोडं हसली. मग बराच वेळ काड्या बाजूला काढत राहिली. आवाज न चढवता, आत बाबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने ती म्हणाली, “यांचा ताप होता, तुझी परीक्षा होती, दादाची नोकरी. ते तुम्हाला लिहून टाकलं की मला हलकं व्हायचं. हे लिहिलं तर तुझ्याकडे जाईल आणि माझंही कमी होणार नाही. मग कशाला धाडू?”

मी म्हटलं, “कमी नाही झालं तरी धाड.”

ती म्हणाली, “मेथी नीट निवड. माती राहते.”

मी जळगावला परत आले. खरं सांगायचं तर आजाराची भीती मला तेव्हा दुसऱ्या नंबरवर होती. पहिली भीती ही, की जन्मभर जिने कुठलीच भीती एकटीने धरली नाही ती आता ही सगळ्यात मोठी एकटीने धरून बसेल आणि आम्हाला तिच्याजवळ जाताच येणार नाही. मी रोज सकाळी लिहायचे, रिपोर्ट आला का? संध्याकाळी उत्तर यायचं, येथील सर्व कुशल. त्या तीन शब्दांना मी इतकी कंटाळले की फोन हातात घेववेना.

मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, पोरं पुस्तकं परत करायला रांगेत उभी असताना फोन थरथरला.

‘रिपोर्ट आला.’

मी शिक्का मारायचा थांबवला.

‘भाभींनी वाचून घेतला त्यांच्या जावयाकडून.’

‘हे बाहेर गेले आहेत.’

‘माले भ्याव वाटस.’

मी पुढच्या ओळीची वाट पाहिली. सवयच होती ती. पण पुढची ओळ आली नाही, आणि येणार नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की हीच पूर्ण बातमी आहे. मी रजेचा अर्ज लिहिला, पोरांना उद्या या म्हटलं आणि बसस्टँड गाठला. मला रडू येत होतं. पण त्यात थोडं बरंही वाटत होतं, आणि याचं मला नवल वाटलं. तिने दार उघडलं होतं. गाडी एरंडोलला पोहोचली तेव्हा फोन थरथरला : ‘निघाली का?’ पारोळ्याला पुन्हा : ‘चहा पी.’ मी खाली उतरून चहा प्याले.

त्यानंतरचे दिवस दवाखान्यातले. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांनी दादाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना कुणी स्पष्ट सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते तिच्या खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर पेपर घेऊन बसायचे. मी पलीकडे, भिंतीशी. बाबांसमोर आई काही बोलायची नाही. पण पांघरुणाखाली तिचं एक बोट चालायचं आणि माझ्या मांडीवर फोन थरथरायचा.

‘कालची नर्स बरी होती.’

‘सुई लावलेला हात सुजला शे.’

‘डॉक्टर माझ्याकडे बघत नाही, कागदाकडे बघतो.’

‘दादा का उभा आहे बाहेर? काय बोलतो तो?’

मी उत्तर लिहायचे. कधी खरं, कधी ‘माहीत नाही’. तिचा नियम मी पाळला. जेवढं कळलं तेवढं, कळलं तेव्हाच. शेवट काय होणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्याबद्दल एकही ओळ आम्ही लिहिली नाही. बाबा आमच्या मध्ये बसलेले असायचे आणि आमचं सगळं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. एकदा त्यांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, “दोघी आपापल्या फोनात. जरा बोला की एकमेकींशी.” आईला हसू आलं. हसल्यावर तिला दुखलं.

दादा रजा संपली म्हणून रविवारी सुरतेला परत गेला. सोमवारी दुपारी तिने लिहिलं, ‘हे जेवले का?’

मी लिहिलं, हो.

‘खोटं. सकाळपासून उठले नाहीत.’

मी बाबांना म्हटलं, चला, खाली जाऊन दोन घास खाऊन येऊ. ते नको म्हणाले. आईने डोळे उघडून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा ते उठले. खाली कँटीनमध्ये त्यांनी खिचडी घेतली. ती समोर ठेवून ते बसून राहिले. वर आई एकटी होती आणि माझ्या हातातला फोन दर थोड्या वेळाने थरथरत होता. घेतली का. किती खाल्ली. भाकरी नव्हती का. मी लिहीत होते, घेतली, अजून सुरू नाही केली, आता एक घास घेतला, आता दुसरा. बाबांनी ताट रिकामं केलं तेव्हा मी तसं कळवलं. तिचं काही उत्तर आलं नाही. आम्ही वर गेलो तर फोन तिच्या छातीवर पालथा पडला होता आणि ती झोपली होती. बाबांनी तो उचलून खिडकीत ठेवला, तिचा हात पांघरुणात घेतला आणि पुन्हा स्टुलावर बसले.

मंगळवारी तिने फोन मागितला नाही.

आता बाबा धुळ्याला एकटे राहतात. दादाने सुरतेला बोलावलं, मी जळगावला बोलावलं, ते कुठेच येत नाहीत. डबा हमीदाभाभींकडून येतो. मी रोज सकाळी फोन करते. ते म्हणतात, बरं चाललंय. मी काय खाल्लं विचारते, झोप लागली का विचारते. ते म्हणतात, बरं चाललंय. त्यांच्याकडून मला काहीच कळत नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटली की मी धुळ्याची बस धरते आणि जाऊन बघून येते.